साल दोनदा सोडली : धुऱ्यावरच्या सागाच्या मोजमापाचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे. मी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं हिशेबाचं काम बघतो. या सौद्यात मी अर्ध्यातून शिरलो, त्यामुळे आधीचा भाग घरच्यांनी सांगितलेला आणि पुढचा डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पार्श्वभूमी

दोन भाऊ, सामाईक सातबारा, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी लावलेली सागाची १९ झाडं. थोरल्यांना अख्खं गाव काकाजी म्हणतं, मीही तेच म्हणतो. धाकट्या भाऊंनी घर बांधायला काढलं होतं. पैसा हवा होता आणि चौकटींना लाकूडही हवं होतं. ठरलं असं की सगळी झाडं काढायची, घरापुरते नग बाजूला ठेवायचे आणि बाकीचे विकायचे.

झाड मालकीचं असलं तरी सागावर सहज कुऱ्हाड घालता येत नाही. झाडं तोडण्याबाबतचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे, त्याखाली परवानगी लागते. अर्ज, सातबारा, नकाशा, वनखात्याची पाहणी, हातोड्याचे ठसे, तोडणीनंतर नगवार मोजमाप यादी आणि शेवटी वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. यात सात महिने गेले. तोडून तुकडे केल्यावर ७० नग निघाले. त्यातले सहा घरासाठी ठेवले, ६४ विक्रीला.

सरकारी कागदांची जाडजूड फाईल झाली होती. व्यापाऱ्याशी झालेला सौदा मात्र वहीच्या एका फाटक्या पानावर होता : ‘साग ६४ नग, दर १५०० घ.फू., साल सोडून. इसार एक लाख.’ खाली दोन सह्या.

दोन दर

खरं तर गिऱ्हाईकं दोन आली होती. पहिला व्यापारी १५०० रुपये घनफूट म्हणाला. दुसरा १२५० वर अडून बसला, आणि वर ‘आमचं माप पक्कं असतं, एकशे तेराचं’ असंही म्हणाला. ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. काकाजींनी पंधराशेवाल्याला होकार दिला. अडीचशे रुपयांचा फरक, कोणीही दिला असता.

पहिला निर्णय इथे झाला, आणि तो झाला हे घरात कोणाला कळलंही नाही. कारण दोघांचं घनफूट एक नव्हतं.

गोल लाकडाच्या बाजारात चालतं ते चौथाईचं माप. ओंडक्याच्या मधोमध टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. गोलाई इंचांत आणि लांबी फुटांत असली की १४४ ने भागायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली याची कोष्टकं छापली. तिकडे त्याच्या नावाचं माप रूढ झालं आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या जंगलांतही आलं. हे माप ओंडक्यातलं सगळं लाकूड मोजत नाही. ओंडका चौरस करताना चारी बाजूंचे बाकदार फाके वाया जाणार, हे धरून ते आधीच कमी मोजतं. पूर्ण गोल धरून जे खरं माप येईल, त्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच चौथाईचं माप भरतं. हाच हिशेब १४४ ऐवजी ११३ ने भागून केला की खरं माप मिळतं. दुसऱ्या व्यापाऱ्याचं ‘एकशे तेराचं’ ते हे.

एक नग धरून बघू. सात नंबरचा नग, साल काढून मधली गोलाई ४८ इंच, लांबी साडेदहा फूट. चौथा भाग १२, वर्ग १४४, गुणिले साडेदहा, भागिले १४४ : साडेदहा घनफूट. तोच ११३ ने भागला तर १३.३८. पंधराशेच्या दराने हा नग १५,७५० रुपयांना जातो, साडेबाराशेच्या दराने १६,७२५ ला. कमी दर सांगणारा जास्त पैसे देत होता.

अर्थात दुसऱ्याचा टेप कसा चालला असता ते कोणाला माहीत! पण निदान दर बघून तरी त्याला घालवायला नको होता.

मोजणीचा दिवस

मोजणीच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला : मधोमध वीतभर साल काढून ठेवा, म्हणजे उद्या वेळ जाणार नाही. दोन मजूर लावून प्रत्येक नगाच्या मध्यावर सालीची कडी सोलून ठेवली. हे लक्षात ठेवा, सगळं प्रकरण या कडीपाशी येऊन थांबतं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः आला नाही. त्याचा माणूस आला, टेप आणि चिठ्ठीबुक घेऊन. हा माणूस टेप लावायचा आणि मोठ्याने हाक द्यायचा, त्याच्याबरोबरचा पोऱ्या लिहायचा. ‘सात नंबर, गोलाई शेचाळीस, लांबी साडेदहा!’ घरचं कोणी वही घेऊन बसलं नाही. भाऊ चहाच्या व्यवस्थेत होते आणि काकाजी झाडाखाली खाटेवर. संध्याकाळी चिठ्ठीची बेरीज आली ४०२ घनफूट, म्हणजे ६,०३,००० रुपये. त्याच रात्री पहिला ट्रक २२ नग घेऊन गेला.

अडचण

सुट्टीवर आलेली पुतणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने रात्री चिठ्ठी उघडली आणि शाळेत शिकलेल्या दंडगोलाच्या सूत्राने सात नंबरचा नग करून पाहिला. चिठ्ठीत ९.६४, तिच्या वहीत १२.२८. मग सगळ्यांची बेरीज केली : ४०२ च्या जागी ५१२. एकशे दहा घनफूट गायब, दीड लाखाच्या वर रक्कम. सकाळी सहाला तिचा मला फोन आला. सात वाजेपर्यंत घरातला आवाज चढला होता. भाऊ ‘चोर आहे तो, ट्रक अडवा’ म्हणत होते, आणि व्यापारी फोनवर ‘बाप-आज्यापासून असंच मोजतात, काहून उगाच बोलता’ म्हणत होता.

मी पोहोचलो तेव्हा मला वाटलं, हे नेहमीचंच. चौथाई आणि खरं माप यांतला घोळ. पोरीला समजावलं की संपलं. तसं समजावलंही. पंधराशेचा दर चौथाईवरच ठरलेला होता, वनखात्याच्या यादीतही चौथाईच होती, तेव्हा सूत्रावरून त्याला चोर म्हणता येणार नाही. पुतणीने ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘ठीक आहे. पण काका, सूत्र बरोबर असलं म्हणजे टेपही बरोबर लागला असं आहे का?’

मी गप्प झालो. तो प्रश्न मी विचारायला हवा होता.

समोर आलेले पर्याय

दुसरा ट्रक दुपारी येणार होता आणि टीपीची मुदत तीन दिवसांत संपत होती. मुदत गेली की पुन्हा वनखात्याच्या दारात उभं राहणं आलं, आणि सात महिन्यांनंतर त्याची कोणालाच हौस नव्हती.

भाऊंना पोलिसांत जायचं होतं. पण तक्रार कशाची? हातात होता तो फक्त सूत्राचा वाद, आणि त्यात आमचीच बाजू लंगडी होती. शेजारच्या एका गृहस्थांनी वजनकाट्याचा सल्ला दिला : ट्रक भरून काट्यावर न्या, किलोवर हिशेब करा. ऐकायला सोपं वाटतं, पण ओल्या लाकडाचं वजन पाण्यावर जातं. सुका साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो. ताज्या तोडीचा त्याहून बराच जड असतो आणि आठ दिवस उन्हात पडला की रोज थोडा हलका होतो. वजनावरून घनफूट काढायचं तर आधी ओल मोजायला हवी. पुतणीने नग पाण्यात बुडवून वर चढलेलं पाणी मोजायची कल्पना काढली. शास्त्र म्हणून याहून अचूक काही नाही, पण सात-आठ फुटांचे ओंडके बुडवायला विहीर सोडून गावात काही नव्हतं, आणि विहिरीतून ते बाहेर कोण काढणार?

काकाजींना प्रकरण मिटवायचं होतं. ‘होऊन गेलं. पुढच्या वेळी पाहू.’ पुढच्या वेळेला चाळीस वर्षं लागतील, असं भाऊ म्हणाले. त्यावर काकाजीसुद्धा हसले.

राहिला शेवटचा मार्ग : वावरात शिल्लक असलेले ४२ नग पुन्हा मोजायचे. त्याच्याच रीतीने, त्याच कडीवर, त्याच्याच माणसाने, फक्त या वेळी दोन वह्या लिहायच्या. मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा : सूत्र, इंचाच्या खालचं सोडणं, लांबी अर्ध्या फुटावर खाली आणणं, यांतलं काहीही बदलायचं नाही. बदललं असतं तर वाद पुन्हा रीतीचा झाला असता, आणि टेपाचा मुद्दा त्यात बुडाला असता.

व्यापारी तयार झाला. त्याला खात्री होती म्हणून, की पाच लाख अजून द्यायचे होते आणि माल वावरात होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

पुन्हा मोजणी

पहिला नग सात नंबरचाच घेतला. माणसाने कडीवर टेप गुंडाळला. मी वाकून वाचलं : अठ्ठेचाळीस आणि वर एक दोरा. त्याने हाक दिली, ‘शेचाळीस!’

‘टेपावर तर अठ्ठेचाळीस आहे,’ पुतणी म्हणाली.

‘साल सोडली न ताई. दोन इंच.’

‘साल तर काढलेली आहे.’

माणूस कडीकडे बघत राहिला. त्याच्या बोटाखाली सोललेलं, गुळगुळीत, पिवळसर लाकूड होतं. त्याला खरोखर आत्ताच कळत होतं, का तो नाटक करत होता, यावर ते घर अजून दोन बाजूंना विभागलेलं आहे. मला वाटतं त्याला सवय होती. वर्षानुवर्षं सालीसकट मोजायचं आणि दोन इंच वजा करून ओरडायचं; कडी सोलून ठेवा हा निरोप मालकाने आम्हाला दिला, त्याला दिला नाही. सौद्याच्या कागदावर ‘साल सोडून’ एवढंच होतं. म्हणजे साल वजा करून की सोललेल्या जागेवर मोजून, ते कुठंच नव्हतं. दोन्ही झालं.

बेचाळीस नगांपैकी ३९ मध्ये बरोबर दोन इंचांचा फरक निघाला. उरलेल्या तिनांत एक इंचाचा, कारण तिथे कडी धड सोलली गेली नव्हती.

दोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं व्यापारी म्हणाला. पण गोलाईचा वर्ग होतो. सात नंबरचा साडेदहाचा नग ९.६४ वर आला, म्हणजे आठ टक्के गेले. बारीक नगांत मार जास्त : ३१ नंबरची गोलाई ३० इंच, लांबी आठ फूट, माप ३.१३ यायला हवं. अठ्ठावीस धरल्यावर २.७२. जवळपास तेरा टक्के साफ.

या ४२ नगांची जुनी बेरीज होती २७१, नवी आली २९७.

तडजोड

सव्वीस घनफुटांचे ३९,००० रुपये व्यापाऱ्याने न कुरकुरता मान्य केले. अडलं ते गेलेल्या २२ नगांवर. चिठ्ठीत ते १३१ घनफूट होते. त्याच प्रमाणात वाढ धरली तर साडेबारा घनफूट येत होतं. तो म्हणाला, ते नग चिरून झाले, आता कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हतं. तासभर ताणून निम्म्यावर तुटलं, सहा घनफूट. एकूण ३२ घनफुटांचे ४८,००० वाढवून ६,५१,००० वर सौदा मिटला. दुसरा ट्रक संध्याकाळी सुटला, टीपीची मुदत असतानाच.

पुतणीने काढलेल्या दीड लाखाच्या तुलनेत ४८,००० कमी वाटतात, आणि भाऊंना ते आजही कमीच वाटतात. पण दीड लाख कधी मिळायचेच नव्हते. ते चौथाईच्या दरात आधीच जिरलेले होते.

घरासाठी ठेवलेले सहा नग

हा भाग छोटा आहे, पण सांगायलाच हवा, कारण चौथाईचा अर्थ घरच्यांना इथे कळला. सहा नग चौथाईने ४८ घनफूट भरले. ते आरा मशीनवर चिरून आणले. भाऊंनी चौकटींच्या पाच बाय अडीचच्या साइजा, फळ्या आणि पट्ट्या, सगळं फूट-इंचांत मोजलं : ३१ घनफूट. पुन्हा फोन. ‘आता सतरा घनफूट कुठं गेलं?’

गेलं ते डोळ्यांसमोरच होतं. बाकदार फाके सरपणाला आले होते, भुशाचं पोतं मशीनवाल्याने ठेवून घेतलं होतं. पातं फिरतं तेवढ्या जाडीचं लाकूड प्रत्येक कापात भुसा होतं. शिवाय कडेचं पांढरं लाकूड मिस्त्रीने चौकटीला नाकारलं. खऱ्या मापाने सहा नगांत ६१ घनफूट लाकूड होतं, त्यातलं ३१ कामाचं निघालं, म्हणजे निम्मं. चौथाईवाल्याने २१ टक्क्यांची सूट आधीच घेतलेली असते. प्रत्यक्षात तूट त्याहून मोठी पडते. मला स्वतःला चौथाईचं माप आवडत नाही, पण ती लूट आहे असं म्हणायचंही धाडस होत नाही, ते या ३१ च्या आकड्यामुळे.

वेगळं काय करता आलं असतं

दर विचारण्याऐवजी रक्कम विचारायला हवी होती. दोन्ही व्यापाऱ्यांसमोर एकच नग ठेवायचा, दोघांना आपापल्या टेपाने आणि आपापल्या सूत्राने मोजू द्यायचं, आणि ‘या नगाचे किती रुपये’ एवढंच विचारायचं. एकशे तेरा न कळताही काकाजींनी योग्य माणूस निवडला असता. एवढंच नाही, पहिल्या व्यापाऱ्याच्या माणसाची दोन इंचांची सवय त्याच दिवशी उघडी पडली असती. पुनर्मोजणीच्या मापाने सगळा माल साधारण ४४० घनफूट धरला तर चौथाईने ६,६०,००० होतात. दुसऱ्याच्या दराने आणि त्याच्या मापाने तेच सात लाख.

‘साल सोडून’ या दोन शब्दांच्या जागी ‘सोललेल्या कडीवर मोजून, आणखी वजावट नाही’ असं लिहायला अर्धी ओळ लागली असती. दोन वह्यांना काही खर्चच नाही. घरात शिकलेली पोरगी होती, तिला त्या दिवशी चहाच्या कपांमागे धावायला लावलं, ही चूक घरच्यांची, आणि ती त्यांनी कबूल केली आहे.

माझी चूकही लिहितो. मी पोहोचल्यावर पहिला अर्धा तास सूत्र समजावण्यात घालवला. माझं उत्तर बरोबर होतं आणि निरुपयोगी होतं. पुतणीने तो प्रश्न विचारला नसता तर मी समाधानाने घरी गेलो असतो.

आणि एक राहिलं. तडजोडीच्या वेळी ‘गेलेल्या २२ नगांचं कशावरून?’ याला आमच्याकडे उत्तर नव्हतं असं वर म्हटलं. उत्तर होतं, ते वनखात्याच्या मोजमाप यादीत. तिच्यात प्रत्येक नगाचा नंबर, गोलाई आणि लांबी होती, सालीसकट, सेंटिमीटर-मीटरमध्ये. यादीची प्रत घरच्यांनी घेतलीच नव्हती. मी मागितली, ती पंधरा दिवसांनी मिळाली. उरलेले ४२ नग यादीत ९.४६ घनमीटर होते. घनमीटरला ३५.३ घनफूट धरले तर ३३४. आमचं माप २९७, म्हणजे सालीपायी अकराएक टक्के गेले. गेलेले २२ नग यादीत ४.५८ घनमीटर, म्हणजे १६२ घनफूट. त्यातून तेवढीच साल काढली तर १४४ उरतात. चिठ्ठीत होते १३१.

तेरा घनफुटांची तूट होती, आम्ही सहा घेऊन उठलो. साडेदहा हजार रुपये. मी काकाजींना आकडा सांगितला. ते खाटेवरून म्हणाले, ‘राहू दे आता. पण त्या यादीची झेरॉक्स काढून सातबाऱ्याच्या फाईलला लाव.’